रांगतं बाळ घरात आहे? आधी कपाट भिंतीला बांधा

मुलगी दीड वर्षाची होती. बेडरूममध्ये चार खणांचं ड्रॉवरचं लाकडी कपाट होतं, माझ्या कमरेहून थोडं उंच. मी दारात उभी राहून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. तिने सगळ्यात खालचा खण ओढला, मग त्याच्या वरचा, मग तिसरा. खालच्या खणात पाय रोवून ती वर चढली आणि कपाट अगदी सावकाश, आवाज न करता पुढे झुकलं. समोर पलंग होता म्हणून कपाटाचा माथा त्याच्या कडेवर टेकला. मधल्या हातभर जागेत ती बसून होती, रडायचंही विसरलेली. मी चार पावलांवर होते. हातातली चादर खाली टाकायलाही वेळ मिळाला नव्हता.

"बाळाकडे लक्ष ठेव गं," असं सगळेच सांगतात. माझं लक्ष होतं, मी तिच्याकडेच बघत होते. लक्ष हवंच, पण कुकरची शिट्टी होते, दाराची बेल वाजते, आणि कधी आपण बघत असतानाच सगळं होऊन जातं. म्हणून घरच असं लावायचं की नजर चुकली तरी बाळाच्या जिवावर बेतू नये. पहिल्यांदा आई-बाबा झालेल्यांसाठी, आणि ज्यांच्याकडे नातवंडं सुट्टीला येतात त्या आजी-आजोबांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच क्रमाबद्दल एक सांगते. बाळ रांगायला लागलं की आपण पहिली वस्तू आणतो ती टेबलाच्या कोपऱ्यांना चिकटवायचे स्पंजचे तुकडे. ते लावा, पण सगळ्यात शेवटी. कोपरा लागला तर टेंगूळ येतं, फार तर दोन टाके पडतात. जीव जातो तो अंगावर पडलेल्या कपाटाने, बादलीतल्या पाण्याने, गॅलरीतून पडल्याने, भाजल्याने, पोटात गेलेल्या विषाने आणि घशात अडकलेल्या दाण्याने. वेळ आणि पैसा आधी तिकडे खर्च करा.

पायरी १ : जमिनीवर या

एका दुपारी बाळ झोपलं की घरभर गुडघ्यांवर रांगत फिरा. अर्धा तास पुरतो. उभं राहून जे दिसत नाही ते सगळं दिसतं : पलंगाखाली घरंगळलेली बीपीची गोळी, टीव्हीमागून लोंबणारी वायर, सोफ्याच्या फटीतलं नाणं, टेबलावरून खाली आलेलं टेबलक्लॉथचं टोक. जे दिसेल ते वहीत लिहून काढा.

घर नेहमी बाळाच्या पुढच्या टप्प्यासाठी तयार करायचं. पालथं पडू लागलं की रांगण्याची तयारी, रांगू लागलं की धरून उभं राहण्याची, चालू लागलं की चढण्याची. बाळ काल जे करत नव्हतं ते आज सकाळी करतं, आपल्याला कळवून करत नाही.

पायरी २ : जड सामान भिंतीला बांधा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडे सगळ्यात कमी होतं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

कपाट पडतं कसं? बंद असताना त्याचं वजन चारही पायांवर वाटलेलं असतं. खण पुढे ओढले की आतल्या कपड्यांसकट ते वजन पुढच्या पायांच्याही पुढे जातं. त्यात दहा-बारा किलोचं मूल खणाच्या कडेला लोंबकळलं की कपाटाला मागे धरून ठेवायला काही उरत नाही. अमेरिकेत अशा अपघातांत मुलं दगावल्यावर ईकिया या फर्निचरच्या कंपनीने जून २०१६ मध्ये सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे अशी कपाटं सहजी कलंडू नयेत म्हणून खास कायदा झाला. आपल्या घरातलं कपाट मात्र आपल्यालाच बांधावं लागतं.

काय काय बांधायचं? ड्रॉवरचं कपाट, पुस्तकांचं शेल्फ, चपलांचा उंच रॅक, टीव्ही, उभं शोकेस आणि लोखंडी कपाट. माझा नियम सोपा आहे : मुलाच्या छातीपेक्षा उंच आणि हाताने ढकलल्यावर हलणारी प्रत्येक वस्तू.

आता भिंत. आमच्याकडे सुतारकाका आले तेव्हा त्यांनी आधी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "ताई, ही सिपोरेक्सची भिंत आहे. साधी गिट्टी इथे धरणार नाही. आज बसेल घट्ट, सहा महिन्यांनी हाताने निघेल." हे मला माहीतच नव्हतं. (गिट्टी म्हणजे स्क्रू घट्ट धरायला भोकात बसवतात ती प्लास्टिकची नळी.) भिंत कोणती आहे ते ड्रिलमधून पडणाऱ्या भुकटीवरून कळतं. लाल भुकटी पडली तर विटांची भिंत; तिथे ८ मिलिमीटरची नेहमीची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू छान बसतो, फक्त विटांमधल्या सांध्यात भोक पाडू नका. पांढरट करडी, मऊ भुकटी भराभर पडली तर सिपोरेक्सचे हलके ब्लॉक. त्यांच्यासाठी वेगळी, लांब आणि जास्त फुलणारी गिट्टी मिळते, हार्डवेअरच्या दुकानात 'सिपोरेक्ससाठी' असं सांगूनच मागा. आणि ड्रिल पुढे सरकतच नसेल, करडी भुकटी चिमटी-चिमटीने येत असेल तर ती काँक्रीटची भिंत. नव्या टॉवरमध्ये 'मायवान'च्या साच्यांत ओतलेल्या अशा भिंती असतात. तिथे हॅमर ड्रिल लागतं, पण एकदा बसलेला स्क्रू जागचा हलत नाही.

भोक कुठे पाडायचं तेही बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली नको, वायरचा पाइप बहुधा तिथूनच जातो. पलीकडे बाथरूम असेल तर प्लंबरला विचारल्याशिवाय त्या भिंतीला हात लावू नका.

कपाटाच्या बाजूने सगळ्यांची एक चूक होते. कपाट भिंतीला जोडणारी एल-पट्टी, म्हणजे काटकोनात वाकवलेली धातूची पट्टी, मागच्या पातळ प्लायला लावतात. तो प्लाय चार-सहा मिलिमीटरचा असतो, ओढ बसली की स्क्रूसकट फाटून येतो. पट्टी वरच्या जाड फळीला किंवा बाजूच्या पाट्याला लावा, दोन टोकांना दोन. जमिनीलगतच्या स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच पुढे राहतं. ती फट तशीच ठेवून पट्टी ताणून बसवू नका; तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी मागे द्या, मग स्क्रू मारा. काम झाल्यावर सगळे खण उघडा, दोन्ही हातांनी कपाट पुढे ओढा. जरासुद्धा हललं तर काम झालेलं नाही, सुतारकाकांना जाऊ देऊ नका.

लोखंडी कपाटाचं थोडं वेगळं आहे. त्याचा पत्रा पातळ, त्यात नुसता स्क्रू टिकत नाही. वरच्या कोपऱ्यात आरपार भोक पाडून आतून मोठा वॉशर लावायचा, नटबोल्टने एल-पट्टी कसायची आणि ती भिंतीला. जुन्या घरात फरशी उंचसखल असते. कपाट पुढे झुकलेलं असेल तर पुढच्या पायांखाली पातळ चकत्या सारून ते किंचित मागे रेलेल असं करा. किल्ली कुलपात लटकत ठेवू नका. मूल किल्लीला धरून दार ओढतं, किंवा आत शिरून बसतं. कपाटावर ठेवलेली बॅग, मखराचा खोका, पितळी पातेली माळ्यावर तरी चढवा नाहीतर खाली तरी काढा.

टीव्ही भिंतीवर ब्रॅकेटने लावणं उत्तम. स्टँडवरच ठेवायचा असेल तर मागून पट्ट्याने भिंतीला बांधा आणि त्याखालचं टेबल बुटकं, रुंद असू द्या. टीव्ही उंच कपाटावर कधीच नको. आणि त्या जागी वर रिमोट, खेळणं, बिस्किटाचा डबा ठेवू नका. मूल उगाच चढत नाही, वरचं काहीतरी हवं असतं म्हणून चढतं. जड वस्तू खालच्या खणात, हलक्या वर, आणि खण शेवटपर्यंत बाहेर येऊ नयेत म्हणून स्टॉपर, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

भाड्याच्या घरात हे करायला लोक कचरतात. घरमालकांना फोन करून सरळ सांगा की लहान मूल आहे, चार भोकं पाडावी लागतील, जाताना पुट्टी भरून देऊ. आमच्या आधीच्या मालकांनी उलट स्वतःचं ड्रिल पाठवलं होतं. तरीही नकार आला तर ते उंच कपाट सरळ बंद खोलीत हलवा, किंवा वर्ष-दोन वर्षं मोडून ठेवा.

पायरी ३ : खिडकी आणि गॅलरी

गॅलरीच्या दोन गजांमधली मोकळी जागा टेप लावून मोजा. ४ इंचांपेक्षा जास्त असेल तर लहान मुलाचं अंग त्यातून जाऊ शकतं आणि डोकं अडकू शकतं. आडव्या पट्ट्यांचं ग्रिल दिसायला छान, पण मुलासाठी ती शिडीच आहे. आतून ॲक्रिलिकचा पत्रा किंवा बारीक वेल्डमेश, म्हणजे तारांची जोडजाळी, लावून ती झाका. हल्ली बारीक तारांचं 'इनव्हिजिबल ग्रिल' बसवतात. बसवणाऱ्याला तारांमधलं अंतर २ इंच ठेवायला सांगा आणि दर काही महिन्यांनी तारा हाताने ताणून बघा, सैल पडल्या असतील तर कसून घ्या. डासांची जाळी म्हणजे संरक्षण नव्हे. मुलाने टेकून अंग टाकलं की ती चौकटीतून सुटते.

ग्रिलइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्याच्या जवळ काय ठेवलंय. प्लास्टिकची खुर्ची, उलटी बादली, मोठी कुंडी, वॉशिंग मशीन, खिडकीला लावलेला पलंग : या सगळ्या पायऱ्या होतात. पलंग खिडकीपासून दूर घ्या. सरकत्या खिडकीच्या पट्टीत छोटा लॉक बसवा, म्हणजे ती बोटभरच उघडेल. पूर्ण बंद ग्रिल करत असाल तर त्यात एक उघडणारी झडप आणि तिला कुलूप ठेवा, किल्ली घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत हवी. आग लागली तर बाहेर पडायची ती वाट असते.

पायरी ४ : पाणी, थंड आणि गरम

रांगतं मूल बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, आत वाकतं आणि डोकं जड असल्यामुळे उलटं आत जातं. बाहेर यायची ताकद नसते, आणि ओरडताही येत नाही. त्यासाठी वीतभर पाणीसुद्धा पुरतं. आपल्याकडे पाणी एक वेळ येतं, म्हणून बाथरूममध्ये भरलेली बादली आणि पिंप असतंच. पिंपाला घट्ट झाकण आणि त्यावर वजन ठेवा. बादल्या रिकाम्या करून पालथ्या घालता येत नसतील तर बाथरूमच्या दाराला बाहेरून, आपल्या खांद्याच्या उंचीवर कडी लावा. ही कडी शंभर-दीडशे रुपयांत होते, ती आजच लावा. सोसायटीतल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडं दिसलं तर त्याच दिवशी सेक्रेटरींना सांगा. गावाकडे हौद, आड आणि शेततळं. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. त्याला कुंपण हवंच, आणि काठाला बांधलेला दोर पाण्यात सोडलेला हवा.

गरम पाण्याने भाजणं हा आपल्या घरांतला रोजचा धोका. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, बाळाची त्याहून कितीतरी लवकर. गिझर ५० अंशांच्या पुढे ठेवू नका. बादलीतला रॉड, म्हणजे इमर्शन हीटर, मूल असलेल्या घरात नकोच. भाजण्याचा आणि शॉकचा धोका एकाच बादलीत. आणि विसणाचा क्रम बदला. आपल्या आया आधी कढत पाणी ओततात, मग विसण घालतात. विसण आणायला वळलं की मूल त्या कढत बादलीत हात घालतं. आधी गार पाणी, मग त्यात गरम, मग कोपराने बघायचं, मग बाळ. माझ्या सासूबाईंना मी म्हटलं, "अहो आई, एवढं एक उलटं करूया," तर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू केलं.

भाजलंच तर नळाखाली साधं, वाहतं गार पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. मग स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे.

पायरी ५ : ओटा आणि देवघर

स्वयंपाक चालू असताना मूल ओट्यापासून तीन हात लांब हवं. दाराला छोटं फाटक लावता आलं तर सगळ्यात चांगलं. शेगडी ओट्याच्या कडेपासून मागे सरकवा, कढई-पातेल्यांचे दांडे आत वळवा, मिक्सरची वायर लोंबत ठेवू नका. रात्री रेग्युलेटर बंद करा. पण मला जास्त काळजी ओट्याची नाही, चटईची वाटते. आपण जमिनीवर जेवायला बसतो, आमटीचं पातेलं, भाताचा कुकर मधे ठेवतो आणि मूल चारी बाजूंनी फिरत असतं. वर्ष-दोन वर्षं गरम पातेली ओट्यावरच ठेवून वाढा. चहाचा कप हातात असताना बाळ मांडीवर नको. विळी घडीची असेल तर पातं मिटून, नसेल तर पात्याला जाड कापड बांधून उंच खिळ्याला टांगा.

देवघर खाली असेल तर समई, निरांजन, काडेपेटी आणि कापूर वर जायला हवेत. देवाला हात जोडायला मूल येणारच, ते यावंच. फक्त तेवत्या समईपाशी त्याला एकटं ठेवू नका.

पायरी ६ : तोंडात जाईल ते

कापूर खडीसाखरेसारखा दिसतो. थोडासा पोटात गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात; काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांच्यामुळे फुटतात, म्हणून बाळाचे कपडेही त्या गोळ्यांत ठेवू नका. मुंग्यांचा खडू, उंदराचं औषध, डासांच्या मशीनमधलं द्रव, संडास धुवायचं ॲसिड, हे सगळं सिंकखालून काढून वरच्या कपाटात, कुलपात. रॉकेल, फिनेल, फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधी म्हणजे कधी भरू नका. मुलाला बाटलीचा आकार ओळखता येतो, वास नाही.

औषधांमध्ये दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर आईला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या. 'टॉनिक'च तर आहेत म्हणून त्या उशाशी पडलेल्या असतात, पण मूठभर पोटात गेल्या तर लहान मूल दगावू शकतं. दुसरी, आजोबांची मधुमेहाची गोळी. काही प्रकारांत एकाच गोळीने लहान मुलाची साखर धोकादायक उतरते. रविवारी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरताना एक जरी खाली पडली तरी ती सापडेपर्यंत शोधायची.

चुन्याबद्दल मुद्दाम लिहिते. तंबाखूसोबतचा चुना डबीत, पुडीत किंवा छोट्या ट्यूबमध्ये येतो. मूल ती ट्यूब दाबतं, टोपण सुटतं आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना बुबुळ जाळत आत जातो, दृष्टी कायमची जाऊ शकते. असं झालं तर रिक्षा शोधत बसू नका. आधी डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने निदान २०-३० मिनिटं सतत धुवा, पापणीआडचे कण ओल्या कापडाने काढा, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाव घ्या. आजोबांची डबी त्यांच्या खिशात राहावी, सदरा खुंटीला अडकवताना डबी काढून वर ठेवावी, एवढं त्यांच्याशी प्रेमाने बोलून घ्या. सोडली तर त्याहून चांगलं.

बटण सेल : रिमोट, वजनकाटा, गाणारं खेळणं, दिवाळीतला एलईडी दिवा यात असतो. रुपयाच्या नाण्याएवढा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजायला सुरुवात होते, आणि बाहेरून नुसती लाळ गळताना दिसते. ज्या वस्तूचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती मुलाला देऊ नका. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात लगेच. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि १२ तास उलटले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, सहा वेळांपेक्षा जास्त नाही. मधासाठी निघायला उशीर मात्र करू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. छोटी लोहचुंबकं आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणीही घरातून बाहेर काढा.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सव्वा इंचापेक्षा बारीक काही नको. खाण्यातही तेच : शेंगदाणे, फुटाणे, अख्खे काजू-बदाम, खोबऱ्याचे तुकडे पाच वर्षांपर्यंत अख्खे नाहीत, कूट करून द्या. द्राक्ष उभं चिरून. डिंकाच्या लाडवातला कडक डिंकही अख्खा नको.

घशात अडकलं आणि मूल खोकू शकत नसेल, आवाज येत नसेल, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खवाट्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, आळीपाळीने. मोठ्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर पाच दाब. घास दिसत नसेल तर बोट घालू नका, तो आणखी आत जातो. हे वाचून पुरतं जमत नाही, बालरोगतज्ज्ञांना सांगून एकदा करून बघा.

उरलेलं, पण विसरू नये असं

वीज : घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा, नसेल तर बसवा, आणि महिन्यातून एकदा त्याचं 'टेस्ट' बटण दाबा. खालच्या उंचीचे सॉकेट शटरवाले, म्हणजे प्लग नसताना भोकं आतून झाकणारे, घ्या. प्लास्टिकची टोपणं मुलं उपटून तोंडात घालतात. चार्जर सॉकेटला लटकत ठेवू नका, दुसरं टोक तोंडात जातं.

कड्या : शेजारच्या घरी अडीच वर्षांच्या मुलाने बाथरूमला आतून कडी लावली. आजी बाहेरून "उघड रे राजा" म्हणत राहिल्या, आत नळ चालू. सुतार येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मुलाच्या हाताला येणाऱ्या आतल्या कड्या काढूनच टाका. दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकून ठेवला तर दार पूर्ण मिटत नाही. बोटंही चिरडत नाहीत.

दिवाण आणि बॉक्स बेड : झाकण मानेवर पडतं, आणि लपाछपीत मूल आत शिरलं तर गुदमरतं. बाहेरून कडी बसवा. जुनी पत्र्याची पेटी, बंद पडलेला फ्रिज कुलूप लावून ठेवा किंवा भंगारात द्या.

झोळी : साडीच्या झोळीत तान्हं बाळ शांत झोपतं, मला ठाऊक आहे. पण बाळ पालथं पडू लागलं की झोळी बंद, आणि रिकामी झोळी टांगून ठेवू नका. मोठं भावंड तिला पीळ घालून गोल फिरतं आणि पीळ गळ्याला बसतो.

वॉकर : घेऊ नका. चालायला लवकर येत नाही, उलट जिन्यावरून गडगडायला आणि गरम कपापर्यंत पोचायला मदत होते. कॅनडाने २००४ मध्येच त्यावर बंदी घातली.

दुसऱ्याच्या घरी जाताना

गणपतीला, दिवाळीला गावी गेलं की हे सगळं पुन्हा शून्यावर येतं. पोचल्यावर बॅग उघडण्याआधी मी दहा मिनिटं मागते. मुलीला एकाच्या कडेवर द्यायचं आणि आपण बघायचं : पाणी कुठे साठवलंय, औषधं कुठे, चुन्याची डबी कोणाची, कपाट हलतंय का. पहिल्या वर्षी आईला वाईट वाटलं. "आमची चार मुलं याच घरात वाढली," ती म्हणाली. मी तिच्याशी वाद घातला नाही, तिला ते ड्रॉवरचं कपाट कसं झुकलं ते सांगितलं. पुढच्या खेपेला मी पोचले तेव्हा मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट भिंतीला बांधलेलं होतं आणि बाथरूमच्या दाराला वर नवी कडी होती.

फ्रिजवरचा कागद

विष पोटात गेलं तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मिठाचं पाणी पाजू नका. रॉकेल आणि ॲसिड वर येताना पुन्हा तेवढीच इजा करतात, रॉकेल फुप्फुसात जातं. बाटली किंवा गोळ्यांची पट्टी बरोबर घ्या. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही तातडीला ११२.

आमच्या फ्रिजवर हे तीन क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेले आहेत, खाली आपल्या डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडा असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा पत्ता आणि मुलीचं वजन. लहान मुलाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, आणि घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचं बटण दाबून झालं की तिला काट्यावर उभी करतो, जुना आकडा खोडतो आणि नवा लिहितो.